विनाथांबा

६ जानेवारी

यांना बोलता येत नाही म्हणून मी लिहायला बसले आहे. हौस नाही. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी दाढी करता करता हे खाली बसले. उठवलं तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेलेली होती. बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांनी बजावलं आहे, यांच्या तोंडून दिवसभरात काय निघतं ते रोज लिहून ठेवा. निघतं ते एवढंच: "हं." उरलेल्या पानाचं काय करायचं? तिथे मी माझं लिहिणार. लग्नापासून मी दिवसभराचं सगळं यांनाच सांगत आले, दुसऱ्या कुणाला सांगायची सवय नाही.

मी जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होते. साक्षीदार म्हणाला ते साहेबांपुढे जसंच्या तसं ठेवायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. हे होटगीला स्टेशनमास्तर. दोघांचंही काम चूक न करण्याचं.

पुठ्ठ्याची कार्डं केली आहेत. पाणी, चहा, गोळी, दुखतं. वर चित्र, खाली शब्द. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. हे मूळचे दुधनीचे, म्हणून कानडीतूनही घेऊन पाहिलं. नीरु म्हटलं, हं. पाणी म्हटलं, हं. मान हलते, पण हो म्हणायचं असेल तेव्हा नाहीची आणि नाही म्हणायचं तेव्हा होची. बाई म्हणाल्या, या आजारात असं होतं, मानेवर जाऊ नका.

मग कशावर जाऊ, ते त्यांनी सांगितलं नाही.

१४ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेमुळे रस्ते बंद, व्यायामवाले आले नाहीत. मीच यांचा हात हलवून घेतला. तेवढ्यात विरेश आला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लग्नाचे व्हिडिओ काढतो आणि त्यावर समाधानी नाही.

"मावशी, सिनेमा करतोय. एक इंग्रजी गोष्ट आहे, शंभर वर्षं जुनी. तू मराठीत करून दे की."

"कसली गोष्ट?"

"भीतीची."

"भुताची?"

"भूत बरं की गं. भूत निदान आपल्या मागं लागतं. यात जे आहे ना, त्याला आपण आहोत हेच माहीत नाही."

गोष्ट त्याने सांगितली. समुद्रात खडकावर एक दीपगृह. तिथे एकटा राखणदार. एका संध्याकाळी आकाशातून काहीतरी जायला लागतं. एवढं मोठं, की जाता जाता संध्याकाळ संपते. ते काही मोडत नाही, कुणाला मारत नाही, खाली बघतसुद्धा नाही. निघून जातं. नंतर राखणदाराचे शब्द एकेक करून जातात. शेवटी नुसता बसून असतो.

हे सांगताना विरेश माझ्याकडे बघत होता, यांच्याकडे नाही.

"सोलापुरात समुद्र कुठनं आणणार?" मी विचारलं.

"म्हणून तर दीपगृहाचं स्टेशन केलंय. काळं रान, मधोमध बारकं स्टेशन, एकटा मास्तर. होटगीच्या अलीकडं मित्राचं शेत आहे, तिथं फलाट बांधतोय. नाव पण ठरलंय. विनाथांबा."

नाव बरं आहे. एसटीच्या पाटीवरचं आहे, कुणालाही कळेल. पानं ठेवून जा म्हणाले. जाताना तो यांच्या पाया पडला. यांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. विरेश वाकूनच राहिला.

आज तोंडून: हं.

२२ जानेवारी

या लेखकाचं आणि माझं जमणार नाही. पानोपानी "अवर्णनीय". "शब्दांच्या पलीकडचं". "मानवी भाषेला अशक्य". आमच्या कोर्टात साक्षीदार म्हणायचे, "साहेब, काय सांगू, सांगता येत न्हाय." साहेब म्हणायचे, "प्रयत्न करा." आणि मग ते सांगायचे. खुनाचं, जाळल्याचं, सगळं सांगायचे. या राखणदाराला कुणी प्रयत्न करा म्हणालेलं दिसत नाही.

एक वाक्य मात्र चांगलं आहे. राखणदार म्हणतो, त्याने माझा द्वेष केला असता तर मी त्याचे आभार मानले असते. दोनदा खोडून तिसऱ्यांदा जमलं.

यांची प्रगती आहे. आज कार्डांच्या वेळी यांनी आपणहून व्यायाम केला. व्यायामवाल्यांनी शिकवला आहे तो: चांगल्या हाताने लुळ्या हाताचं मनगट धरायचं आणि दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. एरवी दहा वेळा सांगावं लागतं. आज चहाचं कार्ड पुढे धरलं आणि यांनी डाव्या हाताने उजवा धरला, ओढत ओढत वर नेला. दात-ओठ आवळले होते. मी म्हणाले, शाब्बास. आणि चहा म्हणा.

२३ जानेवारी

आजही केला. कार्डं काढली की करतात. व्यायामवाले खूश. म्हणाले, पेशंटमध्ये अशी जिद्द क्वचित दिसते.

८ फेब्रुवारी

विरेशने "ते" तयार केलं आणि दाखवायला आमच्या अंगणात आणलं. ट्रॅक्टरच्या ट्यूबा कापून, त्यावर काळा रंग आणि कसलासा चीक. सोबत कॅमेरा बघणारी मुलगी, साक्षी. कमी बोलते, मला आवडली. मास्तरचं काम करणारे गुरप्पाही होते, नाटकात कामं करतात.

बाळाबाई भाकऱ्या टाकून बाहेर आली. ती सकाळ-संध्याकाळ येते, यांना उचलायलाही तिचीच मदत असते. तिने पदराला हात पुसले आणि नीट बघितलं.

"इरेश, ह्ये काय हाय?"

"हे आभाळातनं येतं, बाळाबाई. ज्याला नाव नाही असलं."

"नाव न्हाय कसं? म्हशीची वार हाय की ही! आमच्या म्हशीची व्याल्यावर पडली व्हती आशीच."

साक्षी पहिल्यांदाच मोठ्याने हसली. विरेश ट्यूबा गुंडाळून ओट्यावर बसला. मला त्याची दया आली. पुस्तकात "अवर्णनीय" लिहून निभावतं, सिनेमात काहीतरी ठेवावंच लागतं, आणि ठेवलं की ते म्हशीचं होतं.

गुरप्पांनी डोळे वटारून भीती करून दाखवली. मग गाडीला झेंडी दाखवली, ती पाहुण्यांना निरोप द्यावा तशी. मला राहवलं नाही.

"असं नसतं. झेंडी नसली तरी हाताने सांगता येतं. एक हात बाजूला स्थिर धरला की गाडीने जायचं. तोच वर-खाली हलवला की जपून जायचं. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे थांबायचं. चौथं काही नसतं." रेल्वेच्या क्वार्टरमध्ये माझी निम्मी जिंदगी गेली. हे सिग्नल मला पाढ्यांसारखे येतात.

गुरप्पा म्हणाले, "बाई, प्रेक्षकाला एवढं कुठं कळतंय?"

तेवढ्यात घरामागच्या लाइनीवरून होटगीकडे गाडी गेली. यांनी खुर्चीतून डावा हात बाजूला काढला आणि गाडीचा आवाज संपेपर्यंत तसाच धरला. रोज धरतात. पूर्वी मी तो खाली ठेवायची, खांदा दुखेल म्हणून. साक्षी गुरप्पांकडे बघत नव्हती, यांच्याकडे बघत होती.

संध्याकाळी कार्डं. यांनी लगेच व्यायाम केला, दोनदा. दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. खांदा आखडला असेल, तेल चोळलं. कार्डं पुरी करून घेतली. शिस्त मोडली की माणूस मागे पडतो.

१९ फेब्रुवारी

भीती करून दाखवू नका, नुसते बघा, असं विरेशने सांगितल्यावर गुरप्पा रागावून निघून गेले. आज विरेश आणि साक्षी आले ते तोंड पाडून.

"मावशी, रागावू नकोस. काकांना घेऊ का?"

मी म्हणाले, "हे तमाशा नाहीत."

"तमाशा म्हणून नाही गं."

"राखणदाराची वाचा जाते म्हणून ना? आयता मुका मिळाला."

साक्षी म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणता ते खरंय. पण त्या दिवशी गाडी गेली तेव्हा काकांचा चेहरा मी बघितला. ते कामावर होते. बाकी वेळी ते पेशंट असतात."

मला हे बोलणं झोंबलं. यांच्यापुढे खुर्ची घेतली, सगळं समजावून सांगितलं, कोर्टात शपथेचा अर्थ सांगतात तसं. शेत, फलाट, कॅमेरा, कोट. यायचं का? मानेवर जायचं नव्हतं. मी थांबले.

यांनी डावा हात बाजूला धरला. स्थिर.

तेव्हा परवानगी माझी नाही, यांची आहे. तसं विरेशला स्पष्ट सांगितलं. ट्रंकेतून पांढरा कोट काढला, टोपी, शिट्टी, दोन्ही झेंड्या. कोट खांद्यावर ढिला झाला आहे. टाके घालून घेतले.

२ मार्च

शूटिंग. उन्हं उतरल्यावर सुरू केलं. फलाट विटांचा, वर सिमेंट फासलेलं, पाटीवर नसलेल्या गावाचं नाव. खुर्चीत हे, कोट-टोपीत. बाळाबाई म्हणाली, "साहेब किती रुबाबदार दिसत्यात की वो! दिष्ट काडा." साक्षीने ट्यूबा आणू दिल्या नाहीत. आकाशात काहीच दाखवायचं नाही, असं ठरलं आहे. एका उंच गाडीवर मोठा दिवा बांधून तो सावकाश फलाटासमोरून नेला, दोन मोठे पंखे लावले. सावली यांच्या अंगावरून सरकत जाते, एवढंच.

पहिल्या वेळी यांनी हात धरला. डावा, स्थिर, दिवा पार पलीकडे जाईपर्यंत.

विरेशचं समाधान होईना. पुन्हा घेतलं. पुन्हा. टोपी उडाली म्हणून पुन्हा. पंखे यांच्या तोंडावर. मी फलाटाच्या मागे होते, मला यांची फक्त पाठ दिसत होती. शेवटी यांनी व्यायाम सुरू केला. डाव्या हाताने उजवा उचलला, डोक्यावर नेला. विरेश कुजबुजला, "बापरे. देवाला हात जोडल्यासारखं. चालू ठेव, साक्षी, चालू ठेव."

मी म्हणाले, "अरे, व्यायाम आहे तो."

"असू दे की मावशी!"

घरी आल्यावर हे लवकर झोपले. कार्डं राहिली. उद्या दुप्पट घेईन.

६ मार्च

विरेशच्या खोलीवर जाऊन बघितलं. पडदा भिंतीएवढा.

मी यांना कित्येक वर्षांत समोरून, दुरून, कोटात, फलाटावर बघितलं नव्हतं. रोज हाताच्या अंतरावरून बघते. तोंड पुसते, गोळी देते.

पडद्यावर फलाट आहे. पांढऱ्या कोटातला स्टेशनमास्तर आहे. समोरून प्रकाश येतो आहे. मास्तरने दोन्ही हात डोक्यावर नेले आहेत.

विरेश म्हणत होता, इथे संगीत नको, नुसता वारा ठेवू. मी म्हणाले, "तो थांबा म्हणतो आहे."

"काय?"

"दोन्ही हात डोक्यावर. थांबा म्हणताहेत. तुम्हाला सांगत होते, थांबा. एक हात चालत नाही, म्हणून दुसऱ्याने उचलून म्हणताहेत."

साक्षीने चित्र थांबवलं. थांबलेल्या चित्रात ते हात तसेच राहिले.

विरेश म्हणाला, "मावशी, हाच शेवट. मास्तर थांब म्हणतो. अन् ते थांबत नाही. त्याला सिग्नल दिसतच नाही."

मी चप्पल घालून निघाले. त्याने रिक्षा करून देतो म्हटलं, ते ऐकलं नाही.

घरी आले तर बाळाबाईने कार्डं खाटेवर मांडून ठेवली होती. वेळ झाली होती.

७ मार्च

कार्डं कपाटात.

मागची पानं वाचली. २२ जानेवारी. २३ जानेवारी. ८ फेब्रुवारी. माझ्याच अक्षरात. सगळं जसंच्या तसं लिहिलेलं आहे, पदरचं काही नाही.

१५ मार्च

आता मी काही विचारत नाही. शेजारी बसते. गाड्या जातात, हे हात धरतात. आज मीही धरला. यांनी माझा हात बघितला, आपल्या डाव्या हाताने थोडा वर केला, बरोबर खांद्याच्या रेषेत आणला आणि सोडला. आयुष्यभर माझी चूक काढायची संधी यांना क्वचित मिळाली. ओठाची डावी बाजू हलली. हसले, असं मी म्हणेन. कुणी उलटतपासणी घेतली तर सांगता येणार नाही.

बाळाबाई म्हणाली, "दोगंबी गाडीला हात करून ऱ्हायलाय. एकांदी थांबंल की वो दारात!"

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना येऊ नका म्हणून कळवलं. त्या म्हणाल्या, हा आशा सोडण्याचा काळ नाही. मी म्हणाले, आशेचं मी बघते.

९ एप्रिल

दवाखान्यात आहोत. भरवताना भाताचं खिमट श्वासनलिकेत गेलं, ताप चढला, तशात दुसरा झटका. ऊन इतकं आहे की खिडकीच्या गजाला हात लावता येत नाही. नाकातून नळी घातली आहे. हे ती ओढतात म्हणून डावा हात खाटेला पट्टीने बांधला आहे. मी असते तेव्हा सोडतात.

११ एप्रिल

आज हात सोडला. यांनी नळीला हात लावला नाही. उजव्या मनगटाचा शोध घेतला. चादरीवरून बोटं सरकत गेली, सापडलं, धरलं. वर नेताना पूर्ण अंग थरथरत होतं. कपाळापर्यंत आले हात. पुढे गेले नाहीत. तिथे धरून ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे. "आजी, काय म्हणतायत आजोबा?"

खोलीत भाषा येणारी मी एकटी होते.

मी म्हणाले, "व्यायाम आहे. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला."

"अरे वा! म्हणजे इच्छाशक्ती आहे."

त्याने नळी नीट बसवली, नवी पट्टी चिकटवली. यांनी हात खाली केले. डोळे मिटले नाहीत.

नोकरीत मी एकाही साक्षीदाराच्या तोंडी माझं वाक्य घातलं नव्हतं.

१४ एप्रिल

बाहेर मिरवणुकीचे बँड. साक्षी तिच्या घरच्यांबरोबर मिरवणुकीला निघाली होती, पांढऱ्या साडीत. मुद्दाम वाट वाकडी करून आली. यांना म्हणाली, "काका, तुमचा शॉट कापला नाही. पूर्ण ठेवलाय." यांनी हात हलवायला बघितला, डावा. खाटेवरून चार बोटं उचलला गेला. बाजूला. तसाच राहिला.

जा म्हणताहेत, की दुसरा उचलत नाही म्हणून एवढंच म्हणता येतंय? साक्षी माझ्याकडे बघत होती, मी सांगेन म्हणून. मला सांगता आलं नाही.

१६ एप्रिल

डॉक्टरला खरं सांगायचं ठरवून गेले. तो सुट्टीवर होता. त्याच्या जागी दुसरे होते, त्यांनी यांचे हात वर गेलेले कधी बघितलेच नव्हते. काय सांगणार? परत येऊन स्टुलावर बसले.

२ मे

हे गेले. दुधनीला, यांच्या भावाच्या शेताच्या बांधाला, समाधी दिली. माणसं परत गेली. घर झाडून घेतलं.

विरेशला आणखी एक शॉट हवा आहे. रिकामा फलाट, खुर्चीवर कोट. दारात उभा होता, आत यायला तयार नव्हता. मी म्हणाले, ये, पोहे केलेत.

आज विरेशच्या ताब्यात दिलं: पांढरा कोट, सगळ्या बटणांसह, खांद्यावरचे माझे टाके तसेच. टोपी. शिट्टी, दोरीसकट. हिरवी झेंडी, काठी थोडी चिरलेली. भाषांतराची शेवटची प्रत. तीत "अवर्णनीय" हा शब्द सगळीकडून काढला आहे आणि त्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत.

कार्डं बाळाबाईला, बंबात घालायला.

लाल झेंडीही त्याने मागितली. ती देता आली नाही. आमच्या लिंगायतांत बसवून समाधी देतात, आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. स्वामींनी ते ठेवलं. उजवा हात रिकामा होता. माती लोटण्यापूर्वी मी खाली वाकून लाल झेंडी त्या हातात दिली.

उशिरा दिली.